नळ पुरण्यापूर्वीं

मुंबईचा प्रिन्सेस डॉक १८८० सालीं जहाजांस खुला झाला. त्याची खोदाई चालू असतां चिखलाच्या थराखालीं झाडांचीं खोडें दिसूं लागलीं. कित्येक तर मुळांवर जशींच्या तशीं उभीं होतीं. जेथें समुद्राची भरती येत असे तेथें एके काळीं रान होतें, ही गोष्ट त्या खोदाईनें उजेडांत आणली. १८७८ सालीं तिची हकीकत भारतीय भूस्तरखात्याच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. परंतु खोदणाऱ्यांना हवी होती गोदी. इतिहास हातीं लागला तो योगायोगानें.

पुढें के. आर. यू. टॉड या नौदलांतील अधिकाऱ्यानें साष्टी बेटावर कांदिवली येथें अश्मयुगीन मानवाचीं दगडी हत्यारें शोधून काढलीं व १९३९ सालीं त्यांवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. कोणतें हत्यार मातीच्या कोणत्या थरांत सांपडलें, याची नोंद हें त्या शोधाचें मर्म होय. थरांतून सुटलेलें हत्यार म्हणजे पोथींतून फाटून उडालेलें पान. अक्षर दिसतें, पण मागचापुढचा संदर्भ जातो. आज कांदिवली हें दाट वस्तीचें उपनगर आहे.

खाडीपलीकडे १९७० सालानंतर सिडकोनें नवी मुंबई वसविली. या नगरीस पाणी येतें तें खालापूर तालुक्यांतील धावरी नदीवरच्या मोरबे धरणांतून. भोकरपाडा येथें तें शुद्ध होतें व तेथून मोठ्या नळांनीं शहराकडे धांव घेतें. अशा नळाच्या वाटेवर आदिमानवाचा तळ असेलच असें नाहीं. परंतु नदीकांठ, डोंगरपायथ्याची सपाटी व गोडें पाणी हीं जेथें एकत्र येतात, तेथें चर खणण्यापूर्वीं शोध घेणें शहाणपणाचें ठरतें.

ही परीक्षा फारशी अवघड नसते. प्रथम आंखलेल्या वाटेवरून जाणकार पायीं चालतात आणि गारगोटीचे छिलके, खापऱ्या, रंग बदललेली माती टिपून ठेवतात. मग ठराविक अंतरावर लहान चौकोनी खड्डे घेतात, एकेक थर हलक्या हातानें उतरवितात व माती चाळणींतून काढतात. कारण सूक्ष्म हत्यारें बोटाच्या पेराहूनही लहान असतात. कांहीं न मिळाल्यास काम पुढें चालूं द्यावें. मिळाल्यास तेवढें उत्खनन आधीं करावें, किंवा वाट बदलावी.

वाट बदलणें हीच नळाच्या कामांतील मोठी सोय होय. कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणासाठीं सारी दरी पाण्याखालीं जाणार होती. म्हणून १९५४ ते १९६० या काळांत नागार्जुनकोंडा येथें उत्खनन झालें. अश्मयुगापासूनचे अवशेष मिळाले, आणि कित्येक वास्तु टेकडीवर नेऊन पुन्हां उभाराव्या लागल्या. धरणाची जागा सहसा हलवितां येत नाहीं. नळ मात्र चार हात बाजूस वळवितां येतो. अलास्कांतील तेलाचा नळ १९७७ सालीं पुरा झाला. त्याच्या वाटेचीही अशीच तपासणी आधीं झाली होती.

१८७८ सालच्या भूगतनिधीच्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक मोलाचें धन जमिनींत सांपडल्यास कलेक्टरास कळविण्याचें बंधन घातलें. दगडाच्या छिलक्याचें मोल रुपयांत कोण करणार? १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यांत २०१० सालीं दुरुस्ती होऊन संरक्षित स्थळांभोंवतीं शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई झाली. परंतु ज्या स्थळाचा अद्याप कोणास पत्ताच नाहीं, त्याच्यापासून शंभर मीटर मोजावयाचे कोठून?

शहरास पाणी हवेंच, आणि नळही पुरलेच पाहिजेत. पण चर खणण्यास यंत्रास एक दिवस पुरतो, आणि त्यांत विस्कटलेले हजारों वर्षांचे थर पुन्हां रचतां येत नाहींत. म्हणून कुदळीच्या आधीं चाळणी गेली पाहिजे.