ऐंशी रकान्यांची खिडकी

संगणकावर ईमॅक्स किंवा व्हिम यांसारखा एखादा टेक्स्ट एडिटर प्रथमच उघडला असता, वापरणाऱ्याने कोणतेही माप मुक्रर केलेले नसतानाही, समोर जी खिडकी उभी राहते ती रुंदीला ८० अक्षरांची असते. पडदा लहान असो वा भिंतभर, यंत्र कालचे असो वा आजचे, हा आकडा सहसा ढळत नाही. संगणकवाले ज्याला डिफॉल्ट म्हणतात त्या मापांपैकी हे सर्वांत दीर्घायुषी; आणि त्याचे मूळ शोधीत मागे गेले, तर वाट एका खानेसुमारीच्या दफ्तरात जाऊन थांबते. भालकी तालुक्यातील आमच्या खटकचिंचोळीच्या परिसरात एकाच घराच्या पेटीतून मोडी, उर्दू आणि कन्नड असे तिन्ही लिप्यांचे दस्तऐवज निघतात. ते संगणकावर उतरवून घेणाऱ्याला या मापाशी रोजच झगडावे लागते, म्हणून त्याची कुळकथा येथे विस्ताराने मांडावीशी वाटते.

लेखनाच्या एका साधनाने घालून दिलेले माप ते साधन लोपल्यावरही पुढच्या साधनावर राज्य करते, हे आमच्या प्रदेशाला नवे नाही. येथून जवळच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने ज्या काळी मिताक्षरा रचिली त्या काळी ग्रंथ ताडपत्रावर लिहिले जात. ताडाचे पान स्वभावतःच लांबट आणि अरुंद, त्यामुळे त्यावरील ओळ दीर्घ आणि ओळींची संख्या अल्प. पुढे कागद आला, जो वाटेल त्या आकारात कापता आला असता. परंतु पोथी लिहिणाऱ्यांनी तो ताडपत्राच्याच घाटणीने आडवा कापला, आणि ती घाटणी पुढे छापील पोथ्यांपर्यंत चालत आली. पश्चिम हिंदुस्थानातील जैन पोथ्यांत तर याहून बोलका पुरावा आहे: ताडपत्रे दोरीत ओवण्यासाठी मध्यभागी जे छिद्र असे, त्याचे प्रयोजन कागदावर उरले नसतानाही लेखक त्या जागी मजकूर सोडून देत आणि तेथे तांबडा ठिपका काढीत.

बीदर शहरात महमूद गवानाचा १४७२ च्या सुमारास पुरा झालेला मदरसा भग्नावस्थेत का होईना अद्याप उभा आहे. ज्या फारसी ग्रंथलेखनाच्या परंपरेचा तो एक मातबर आश्रय होता, त्या परंपरेत कातिबाजवळ मिस्तर नावाचे एक उपकरण असे. पुठ्ठ्यावर किंवा फळीवर ठराविक अंतराने दोरे ताणून बसविलेले असत. कोरा कागद त्यावर ठेवून बोटाने दाबला की दोऱ्यांच्या वळ्या कागदावर उमटत, आणि पानावर ओळी किती, त्या कोठून कोठवर, समास किती, हे सारे पहिला शब्द लिहिण्यापूर्वीच निश्चित होई. एक मिस्तर सिद्ध झाला की संपूर्ण ग्रंथ त्याच मापाने उतरे. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाची रीत निराळी, परंतु तत्त्व तेच: तो आधी कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकावीत जाई. ओळीची लांबी प्रथम, मजकूर नंतर. एडिटरच्या खिडकीचे पूर्वनियत माप हे याच जातीचे आहे; फरक एवढाच की मिस्तरातील दोरे कातिबाने स्वतः किंवा त्याच्या उस्तादाने ताणलेले असत, आणि खिडकीतील दोरे मात्र फार दूरवर, फार निराळ्या कामासाठी ताणले गेले.

ते काम म्हणजे अमेरिकेची १८९० ची खानेसुमारी. त्यापूर्वीच्या, म्हणजे १८८० च्या खानेसुमारीचे कोष्टक हातांनी तयार करण्यात सरकारची इतकी वर्षे खर्ची पडली होती, की एकीचा निकाल लागण्यापूर्वी दुसरी दाराशी येईल अशी धास्ती निर्माण झाली. हर्मन हॉलरिथ या अभियंत्याने त्यावर तोड काढली: प्रत्येक माणसामागे एक जाड कागदाचे कार्ड, त्यावर वय, लिंग, जन्मस्थान इत्यादि गोष्टी छिद्रांच्या रूपाने नोंदलेल्या, आणि ती छिद्रे विजेच्या साह्याने मोजणारे यंत्र. रेल्वेचा कंडक्टर तिकिटावर छिद्रे पाडून उतारूचे वर्णन नोंदीत असे, ते पाहून ही कल्पना आपणास सुचली, असे त्यानेच सांगून ठेविले आहे.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते, हे पाहणे उद्बोधक आहे. निजामाच्या राज्यात, ज्यात बीदर जिल्हा मोडत होता, पहिली पद्धतशीर खानेसुमारी १८८१ साली झाली. तिचा हिशेब ब्रिटिश मुलखातल्याप्रमाणेच खुणा करून मोजण्याच्या पद्धतीने झाला. १९०१ साली हिंदुस्थानात बव्हेरियातून घेतलेली चिठ्ठ्यांची पद्धत आली. दर माणसामागे एक चिठ्ठी लिहावयाची, आणि मग कारकुनांच्या फौजेने त्या चिठ्ठ्या कप्प्याकप्प्यांत वाटून मोजावयाच्या. विचार हॉलरिथचाच होता, एक माणूस म्हणजे एक सुटा कागद. परंतु तेथे कागद यंत्राला वाचावयाचा होता आणि येथे माणसाला, म्हणून तेथे छिद्राची जागा काटेकोर ठरवावी लागली आणि येथे शाई पुरली. जगाच्या पडद्यांचे माप आमच्या चिठ्ठीने न ठरता त्यांच्या कार्डाने ठरले, त्याचे कारण या एका भेदात आहे.

हॉलरिथची कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांशी एकत्र झाली आणि त्या संयुक्त कंपनीने १९२४ साली आयबीएम हे नाव धारण केले. तोवर कार्डावर वाटोळ्या छिद्रांचे ४५ रकाने मावत. गिऱ्हाइकांना त्याच कार्डावर अधिक माहिती हवी होती, आणि कार्डाचा आकार तर बदलता येत नव्हता, कारण लक्षावधी कार्डे, त्यांच्या पेट्या आणि यंत्रांचे मार्ग सर्व त्याच आकाराचे होते. तेव्हा १९२८ मध्ये आयबीएमने छिद्र वाटोळ्याऐवजी उभे आयताकार केले. असे छिद्र अरुंद असल्याने शेजारी शेजारी अधिक बसते आणि मधला कागदही पुरेसा मजबूत राहतो. सव्वासात इंचांहून किंचित अधिक लांब अशा त्या कार्डावर ८० रकाने बसले. या संख्येत गूढ असे काही नाही. कागदाचे बळ, छिद्राची रुंदी आणि जुन्या पेटीचा आकार या तीन गोष्टींच्या तडजोडीतून ती निघाली आहे. प्रतिस्पर्धी रेमिंग्टन रँडने वाटोळ्या छिद्रांचेच ९० रकान्यांचे कार्ड काढले. ते बाजारात टिकले असते, तर आपली खिडकी आज कदाचित ९० अक्षरांची असती.

पुढे संगणक आले तेव्हा आज्ञावली याच कार्डांवर छेदली जाऊ लागली, एका कार्डावर एक ओळ. फोरट्रान भाषेत प्रत्यक्ष मजकूर ७२ व्या रकान्यापर्यंतच लिहावयाचा असे, कारण आयबीएम ७०४ हे यंत्र कार्डाची एक रांग प्रत्येकी ३६ बिटांच्या दोन शब्दांत वाचीत असे. उरलेले आठ रकाने कार्डांच्या अनुक्रमांकासाठी मोकळे राहत, म्हणजे कार्डांचा गठ्ठा हातातून निसटून विस्कटला तरी यंत्राने तो पुन्हा क्रमवार लावता येई. आजही काही लेखनसंहितांत ७२ आणि ७९ हे आकडे आढळतात. पायथन भाषेची लेखनसंहिता ओळीस ७९ अक्षरांची मर्यादा घालते, तो याच घराण्याचा वारसा होय.

कार्डावरून काचेच्या पडद्यावर हे माप आले ते १९६४ साली, आयबीएमच्या २२६० या पडद्याच्या रूपाने. त्यावर ८० अक्षरांच्या बारा ओळी दिसत. १९७१ च्या ३२७० मालिकेत ओळी दुप्पट होऊन चोवीस झाल्या. ८० गुणिले २४ म्हणजे १९२० अक्षरे. एवढा मजकूर २०४८ जागांच्या स्मृतीत मावतो आणि थोडी जागा उरते. जेव्हा स्मृतीचा प्रत्येक बाइट मोलाचा होता, तेव्हा ही गोष्ट निर्णायक होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७० च्या व्हीटी०५ मध्ये टेलिटाइपची परंपरा सांभाळून ७२ रकाने ठेविले होते. परंतु १९७५ च्या व्हीटी५२ मध्ये ८० × २४ स्वीकारले, आणि १९७८ च्या व्हीटी१०० ने ते माप इतके रूढ केले, की त्यानंतरचे टर्मिनल त्याच्याशी अनुरूप असणे ही जणू कायद्याची अट झाली. १९८१ च्या आयबीएम पीसीने एक ओळ वाढविली आणि २५ केल्या. २००० अक्षरेही त्याच २०४८ च्या मर्यादेत बसतात.

येथे एका भिन्न कुळाची नोंद करणे न्याय्य होईल. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७३ साली सिद्ध झालेल्या आल्टो यंत्राचा पडदा उभा होता, ६०६ × ८०८ बिंदूंचा, आणि त्याची घाटणी टंकलेखनाच्या कागदासारखी होती. त्यावर चालणाऱ्या ब्राव्हो या एडिटरात पान हे पानासारखे दिसे. कार्डाची परंपरा झुगारून कागदाला प्रमाण मानण्याचा तो थोर प्रयत्न होता, आणि आजच्या मुद्रणाच्या सॉफ्टवेअरवर त्याची छाप आहे. परंतु आज्ञावली लिहिणाऱ्यांचे एडिटर दुसऱ्या बाजूने आले. बिल जॉय यांनी बर्कलेत व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए या ८० रकान्यांच्या टर्मिनलवर. १९८४ पासून एमआयटीत एक्स ही खिडक्यांची पद्धत वाढली, तेव्हा तिच्यातील एक्सटर्म हा कार्यक्रम व्हीटी१०० चेच प्रतिरूप असल्यामुळे ८० × २४ मध्येच उघडू लागला. खिडकीला आता कोणतेही माप देता आले असते. तरी जुने माप कायम राहिले, ताडपत्राच्या छिद्राच्या जागी तांबडा ठिपका राहिला तसे.

पुढच्या कार्यक्रमांनी हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी सोडविला. विंडोजमधील नोटपॅड मागच्या वेळी खिडकी ज्या आकारात बंद केली तो आकार नोंदवहीत टिपून ठेवतो आणि पुन्हा तोच बहाल करतो. व्हीएस कोड नव्या खिडकीस मागील खिडकीचे माप वारसाने देण्याची सोय ठेवतो. लिनक्सच्या गाभ्याच्या लेखनातही ८० ची सक्ती दीर्घकाळ होती. २०२० मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ती शिथिल केली आणि तपासणीची मर्यादा १०० वर नेली.

आता आपल्या लिपीचा प्रश्न. रकाना म्हणजे एका रोमन अक्षराची जागा, हे या सर्व मापांचे गृहीत आहे, आणि देवनागरीला ते लागूच पडत नाही. खटकचिंचोळी हे नाव घ्या. वाचणाऱ्याला त्यात सहा अक्षरे दिसतात: ख, ट, क, चिं, चो आणि ळी. युनिकोडच्या हिशेबी त्यात दहा चिन्हे आहेत, कारण वेलांटी, काना-मात्रा आणि अनुस्वार यांची स्वतंत्र नोंद होते. यूटीएफ-८ मध्ये साठविताना दर चिन्हास तीन याप्रमाणे तीस बाइट लागतात. आणि टर्मिनलवरील जागा मोजण्याची मार्कुस कून यांची जी रीत बहुसंख्य कार्यक्रमांनी उचलली, तिच्याप्रमाणे अनुस्वारास शून्य आणि उरलेल्यांस प्रत्येकी एक असे नऊ रकाने होतात. एकाच गावाचे नाव सहा, नऊ, दहा आणि तीस! ८० च्या खिडकीत मराठी ओळ नेमकी कोठे मोडेल हे कोणता हिशेब लावला जातो यावर अवलंबून राहते, आणि यंत्राच्या हिशेबांतला एकही वाचणाऱ्याच्या डोळ्याचा नव्हे.

यात कोणा एकाचा दोष काढण्यासारखे नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट हे तंत्र, त्यातून आकाराला आलेली इस्की ही १९९१ ची भारतीय मानक संहिता, आणि तिच्याच पूर्वरूपावरून देवनागरीची मांडणी घेणारे युनिकोड, या सर्वांनी आपली अक्षरे संगणकात रुजू केली, हे उपकार मोठे आहेत. परंतु अक्षरांना दाखला मिळाला तरी खिडकीचे माप जुन्याच मालकाच्या नावे राहिले. उंचीचेही तेच: ईमॅक्स खिडकीची उंची मूळ टंकाच्या ओळींत मोजतो, आणि देवनागरीचा टंक वरच्या मात्रा व खालचे उकार यांना जागा देण्यासाठी बहुधा अधिक उंच असतो, म्हणून चाळीस ओळींची म्हणून उघडलेली खिडकी मराठी मजकुराने भरली की चाळीस ओळी दाखवीत नाही.

म्हणून माप आपणच मुक्रर करावे हे उत्तम. ईमॅक्समध्ये डिफॉल्ट-फ्रेम-अलिस्ट नावाची यादी असते. तीत टंक, रुंदी आणि उंची या तिन्ही नोंदी एकत्र कराव्यात, कारण टंक मागाहून बदलला तर खिडकीचे माप पुन्हा हलू शकते. इनिशियल-फ्रेम-अलिस्ट ही दुसरी यादी केवळ पहिल्या खिडकीपुरती आहे. नव्या प्रत्येक खिडकीला माप हवे असेल तर पहिलीच वापरावी. व्हिममध्ये कॉलम्स आणि लाइन्स या दोन आज्ञा जीव्हिमच्या स्वतंत्र फायलीत लिहाव्यात. सामान्य फायलीत लिहिल्यास टर्मिनलवर उघडतानाही त्या लागू होतात आणि टर्मिनलची मांडणी बिघडण्याचा संभव असतो.

रुंदी किती घ्यावी, हे समोरच्या दस्तऐवजाने ठरवावे असे माझे मत आहे. मोडी पत्राचे लिप्यंतर करताना ओळीस ओळ राखावी लागते, म्हणजे फाटलेला किंवा कसरीने खाल्लेला शब्द मूळ पत्रात कितव्या ओळीत आहे हे पुढील वाचकास सापडते. मूळ ओळ कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली असल्यामुळे ती ८० रकान्यांत हमखास दुमडते आणि गणती चुकते. तेथे ११० किंवा १२० रुंदी आणि तीस ओळी पुरतात. निजामाच्या अमदानीतील उर्दू कागद आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतर बीदर जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यावर सुरू झालेल्या कन्नड नोंदी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावयाच्या असतील, तर एका रुंद खिडकीपेक्षा साठ साठ रकान्यांच्या दोन अरुंद खिडक्या अधिक सोयीच्या. २०१२ च्या चोविसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्स उजवीकडून डावीकडे जाणारी ओळही नीट मांडतो, त्यामुळे उर्दूची खिडकी डावीकडे आणि कन्नडची उजवीकडे ठेविली तर उर्दूच्या ओळीचा आरंभ आणि कन्नडच्या ओळीचा आरंभ मधल्या एकाच कडेला येतात, आणि सर्व्हे नंबर, खातेदाराचे नाव व क्षेत्र ओळीओळीने ताडीत जाता येते.