शिशावरचे प्रश्न, शिळेवरचं उत्तर

1882 चा एप्रिल महिना. ईस्टरच्या सुट्टीत सोपाऱ्याजवळच्या मर्देस गावातलं एक टेकाड खणायला घेतलं गेलं. गावकरी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. खोदकाम चालवत होते पंडित भगवानलाल इंद्रजी. जेम्स कॅम्पबेल त्या वेळी ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर सिद्ध करत होते आणि त्या कामात पंडितजींची मोठी मदत होती. टेकाडाच्या मधोमध विटांची बंदिस्त कोठडी लागली. कोठडीत मोठा दगडी करंडा होता. त्याचं झाकण उचललं तेव्हा आत बुद्धाच्या आठ लहान धातुमूर्ती गोलाकार बसलेल्या दिसल्या. त्यांच्या मध्ये तांब्याची डबी होती, तिच्यात चांदीची, चांदीच्या डबीत दगडाची, दगडाच्या डबीत स्फटिकाची आणि सगळ्यांत आत सोन्याची. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे अगदी बारीक तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून भाविकांनी ते तिथं जपले होते. डब्यांच्या भोवती सोन्याची फुलं विखुरलेली होती.

कोट राजाचा नव्हता. तो स्तूप होता.

त्याच टेकाडात गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं. या सातवाहन राजाचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. आठ मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी हा स्तूप पुन्हा उघडला असावा, मूर्ती आत ठेवल्या असाव्यात आणि सगळं पुन्हा बंद केलं असावं. त्या आठांपैकी सात होऊन गेलेले बुद्ध आहेत आणि आठवा मैत्रेय, म्हणजे अजून यायचा असलेला. जमिनीत पुरून ठेवलेल्या त्या वर्तुळात भूतकाळाबरोबर भविष्यालाही जागा होती, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. या वस्तू पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आल्या.

भिवंडीतल्या नारपोलीहून हे ठिकाण लांब नाही. भिवंडी रोड स्थानकावर दिव्याहून येणारी गाडी पकडली की वसई रोड, आणि तिथून पुढचंच स्थानक नालासोपारा. त्याहून जुनी वाट पाण्याची. भिवंडीची कामवारी नदी ज्या खाडीला मिळते, तीच खाडी वरच्या अंगाला कल्याणला जाते आणि खालच्या अंगाला वसईपाशी समुद्राला मिळते. कल्याण आणि सोपारा ही दोन्ही बंदरं इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सफरवर्णनात नोंदलेली आहेत. कल्याणबद्दल तर तो इशाराच देतो: तिथं व्यापाराला आता अडथळे आहेत, चुकून एखादं ग्रीक जहाज बंदरात शिरलं तर पहाऱ्याखाली त्याची रवानगी भडोचला होते. राज्याराज्यांच्या भांडणात खाडीतली गलबतं अशी सापडत होती.

भगवानलाल जुनागढचे. जन्म 1839 चा. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे चौदा लेख कोरलेली प्रचंड शिळा आहे. त्या शिळेच्या सहवासात हा मुलगा वाढला आणि तिथंच ब्राह्मी अक्षरं वाचायला शिकला. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी देशभर हिंडून शिलालेखांचे ठसे घेतले. 1884 साली नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठानं त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. सोपाऱ्याला स्तूपाइतकीच मोलाची आणखी एक वस्तू त्यांच्या हाती लागली: भातेला तलावाजवळ मिळालेला काळ्या दगडाचा फुटका तुकडा. त्यावर अशोकाच्या आठव्या लेखातली मोजकी अक्षरं उरली होती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सोपारा अशोकाच्या राज्यात होतं, याचा तो हातात धरता येईल असा पुरावा ठरला. दुसरा तुकडा सापडायला 1956 साल उजाडावं लागलं. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल ना. अ. गोरे यांना तो जवळच्या भुईगावात मिळाला. त्यावर नवव्या लेखाचा अंश आहे.

हा नववा लेख इतरत्र चांगला टिकून आहे, त्यामुळे सोपाऱ्याच्या लोकांनी काय वाचलं किंवा ऐकलं असेल हे कळतं. राजा म्हणतो, माणसं नाना तऱ्हेची मंगलकार्यं करतात. आजारपणात, मुलांच्या लग्नात, मुलींच्या लग्नात, मूल होताना, प्रवासाला निघताना. बायका तर फारच करतात आणि त्यांतली बरीच क्षुल्लक असतात. ती करू नयेत असं तो म्हणत नाही. पण त्यांचं फळ थोडं, खरं मंगल धर्माचं, असं त्याचं सांगणं. आणि धर्माचं मंगल म्हणजे काय? दास आणि चाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राण्यांच्या बाबतीत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.

आजार, लग्न, मूल, प्रवास. ही यादी वाचताना हजारो मैलांवरचं दुसरं एक उत्खनन आठवल्याशिवाय राहत नाही.

ग्रीसच्या वायव्येला एपायरस नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथं तोमारोस पर्वताच्या पायथ्याशी दोदोना हे झ्यूस देवाचं स्थान होतं. डेल्फीच्या देवस्थानाचं नाव जगभर झालं, पण प्राचीन ग्रीक लोक दोदोनाला सगळ्यांत जुनं प्रश्नस्थान मानत. सुरुवातीला तिथं भव्य मंदिर नव्हतं, ओकचा एक पवित्र वृक्ष होता. त्याच्या पानांच्या सळसळीतून देव बोलतो अशी श्रद्धा होती. ‘इलियड’मध्ये तिथल्या पुजाऱ्यांचं वर्णन येतं: पाय न धुणारे, जमिनीवर झोपणारे. कॉन्स्तांतिनोस करापानोस यांनी 1875-76 मध्ये ही जागा खणली, म्हणजे मर्देसच्या खोदकामाच्या जेमतेम सहा-सात वर्षं आधी. तेव्हा तो मुलूख तुर्की साम्राज्यात होता. मातीतून निघाल्या शिशाच्या पातळ पट्ट्या. पुढच्या शतकात त्यांची संख्या वाढत गेली आणि 2013 साली चार हजारांहून अधिक मजकूर दोन खंडांत प्रसिद्ध झाले.

या पट्ट्यांवर लोकांनी देवाला विचारलेले प्रश्न खरवडलेले आहेत. लायसानियास विचारतो, ॲन्यूलाच्या पोटात वाढणारं मूल माझंच आहे का? ॲगिसची पांघरुणं आणि उशा नाहीशा झाल्या आहेत. बाहेरच्या कुणी चोरल्या का? आणखी एकाला मेंढ्या पाळणं फायद्याचं ठरेल का, हे हवं आहे. कॉर्फू बेटावरच्या लोकांनी मिळून विचारलं आहे की, आपसांत एकोपा नांदावा म्हणून कोणत्या देवाला बळी द्यावा? स्त्रियाही आपापल्या नावानं विचारतात. प्रश्न लिहिला की पट्टी दुमडायची. काही पट्ट्या पुन्हा पुन्हा वापरलेल्या आहेत, एकाच्या काळजीवर दुसऱ्याची काळजी खरवडलेली. उत्तरं मात्र क्वचितच सापडतात.

इथंच सोपारा आणि दोदोना एकमेकांना पूरक ठरतात. सोपाऱ्याच्या दगडावर राजाचं उत्तर उरलं, विचारणारे हरवले. दोदोनाला विचारणारे उरले आणि उत्तर हरवलं. तापानं फणफणलेल्या लेकराच्या उशाशी सोपाऱ्यातल्या कोण्या आईनं काय मागितलं, हे अशोकाच्या लेखातून कळत नाही. तिचं करणं त्याला क्षुल्लक वाटलं. शिशाच्या पट्ट्या वाचल्यावर तो शब्द पटत नाही. इतक्या मोठ्या मनाचा राजा या एका जागी उणा पडला, असंच म्हणावंसं वाटतं.

दोन्ही ठिकाणांमधला धागा केवळ कल्पनेचा नाही. तेराव्या लेखात अशोक पाच यवन, म्हणजे ग्रीक, राजांची नावं घेतो. त्यांच्यापर्यंत धर्मविजय पोहोचल्याचं सांगतो. पाचवं नाव अलिकसुदर. हा एपायरसचा अलेक्झांडर, म्हणजे पिऱ्हस राजाचा मुलगा, असं अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते तो कॉरिंथचा अलेक्झांडर. पहिलं मत खरं असेल, तर दोदोना ज्याच्या राज्यात होतं त्या राजाचं नाव अशोकाच्या लेखकांना ठाऊक होतं. सोपाऱ्यालाही चौदा लेखांचा पूर्ण संच कोरलेला असावा असा अंदाज आहे. तो तेरावा लेख सोपाऱ्याच्या मातीत कुठं तुटून पडला असेल तर अजून सापडलेला नाही.

यवन पुढे स्वतःच घाट चढून आले. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावं आहेत. धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेले खांब तिथं अनेक आहेत. त्याच रांगांत सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकानं, म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत म्हणणाऱ्या भिक्षूनं, दिलेला एक खांब आहे. हा खांब अस्थिधातूसह दिल्याचं त्याच्या लेखात म्हटलं आहे.

सोपाऱ्यात देवाला प्रश्न विचारण्याचं स्थान होतं, असा पुरावा नाही. पण कोकणात ही रीत संपलेलीही नाही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि उजवीकडचं पडतं की डावीकडचं, याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. सोयरीक जुळवू का, दुखणं कशामुळे, घर बांधायला घेऊ का, असं विचारलं जातं. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगातल्या ठरावीक तिथीवर बांधलेली नाही. ती दरवर्षी देवीच्या कौलानं ठरते. त्याच तालुक्यातल्या आचरा गावात काही वर्षांच्या अंतरानं रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते: माणसं गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातात. कॉर्फूच्या लोकांनी एकत्र येऊन विचारलेला प्रश्न आचऱ्याच्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही.

भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीला नवसाची अशीच एक आठवण आहे. वसईचा किल्ला हाती आला तर देवीचं देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी बोलल्याची परंपरा आहे. 1739 च्या मे महिन्यात वसई पडली आणि पुढे किल्ल्यासारखी तटबंदी असलेलं ते देऊळ उभं राहिलं. नवस दगडात उरतो. कौलाचं तसं होत नाही. पाकळ्या संध्याकाळी निर्माल्यात जातात, तांदूळ पक्षी टिपतात आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या घरी परत जातो. हजार वर्षांनी कोणी आचऱ्याचं देऊळ खणलं, तर दिव्यांची खापरं आणि नाणी मिळतील, प्रश्न एकही मिळणार नाही.

नारपोलीच्या यंत्रमागांवर तेलंगण, उत्तर प्रदेश, बिहार अशा कितीतरी मुलखांतली माणसं राबतात. आजार, लग्न, मूल, प्रवास हे चारही प्रश्न त्यांच्याबरोबर इथं आले आहेत आणि आपापल्या देवांना, आपापल्या भाषेत ती ते विचारतात. आगरी-कोळी गावांतली आणि दक्षिण कोकणातली गाऱ्हाणी तर अजून तोंडपाठ आहेत. त्यांतलं फार थोडं लिहून ठेवलेलं आहे. म्हणणारा गुरव म्हातारा झाला की त्याचा शब्दक्रम, देवतांच्या नावांची त्याची लांबलचक साखळी त्याच्याबरोबर जाते. ही नोंद भिवंडी-वसईच्या कॉलेजांतली मुलं आजही करू शकतील. गुरवाची आणि विचारणाऱ्याची परवानगी, आवाज टिपायला साधा मोबाइल, आणि कोणत्या गावात, कोणत्या तिथीला, कोणत्या देवापुढे काय विचारलं याचं एक पान, एवढ्यावर काम सुरू होतं.