आजीचा धवला

आमचं गाव कल्याण-शीळ रस्त्याच्या आतल्या अंगाला. चहूकडे इमारती झाल्या, तरी मी अजून थोडं भात लावतो. आम्ही आगरी. आमच्यात लग्न लावायची जुनी रीत धवलारणीची. ती बाईच असते आणि एकेक विधी धवले गाऊन करते. माझी आजी धवलारीण होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण रात्रभर गायची.

1984 साली माझं लग्न ठरलं. वडील म्हणाले, "भटजी बोलवू, चार लोकांत बरं दिसतं." आजी म्हणाली, "मंग मी काय मेले?" मी दहावी शिकलेला, मला वडिलांचं पटलं. मंगलाष्टका झाल्या. आजी मांडवाच्या खांबाला टेकून नुसती बसून राहिली.

पुढे वाचनात आलं, की 13व्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नावर 'धवळे' रचले. तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. ज्या शब्दाची आम्हाला लाज वाटली, तो एवढा जुना निघाला. डहाणूकडच्या वारल्यांतही धवलेरी गाते आणि सवाशिणी भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात. वारली चित्रं जगभर गेली, जिव्या सोमा म्हशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. धवलेरीचं गाणं मात्र मांडवातच राहिलं.

मागल्या वर्षी पुतणीचं लग्न निघालं. भाऊ डोंबिवलीत राहतो. तो म्हणाला, "दादा, हॉल चार तासांचा. त्यात धवला कुठं बसवायचा?" पुतण्याला हळदीला डीजे पायजे. तो म्हणतो, आगरी गाणी डीजेवर वाजतात म्हणून तर पोरांच्या तोंडात आपली बोली टिकली. तेही अगदीच खोटं नाही. पुतणी म्हणाली, "मला पणजीचा धवला हवा. मोठे काका, तुम्हाला येतो ना?"

मला चारच ओळी आल्या. घरात पहिल्यांदा वही-पेन हाती धरणारा मी. लग्नानंतरही आजी सात वर्षं माझ्यासमोर होती. एक धवला लिहून घेतला नाही.

शेवटी शेजारच्या गावातून एका म्हातारीला आणलं. हळदीच्या रात्री तासभर डीजे बंद, आणि पुतण्याने स्वतः तिच्यापुढे माइक धरला. भाऊ मागे उभा राहून ओळीला ओळ जोडत होता. लहानपणी तो आजीच्या कुशीत झोपायचा. त्याला माझ्यापेक्षा किती तरी जास्त येत होतं!

आता दर रविवारी मी वही घेऊन म्हातारीकडे जातो. नुसतं सांगायला बसली की तिला आठवत नाही, गाताना आठवतं. म्हणून भाऊ सोबत येतो. ती दोघं गातात, मी लिहितो.