विजेचा झटका कोणी द्यायचा?

#थ्रेड

१९४७, क्लीव्हलँड. चौदा वर्षांच्या एका मुलाच्या छातीवरील शस्त्रक्रिया आटोपत आली असताना त्याचे हृदय थांबले. शल्यविशारद क्लॉड बेक यांनी छाती पुन्हा उघडली, हृदय हाताने दाबत ठेवले आणि अखेर थेट हृदयावर विजेचा झटका दिला. मुलगा वाचला. माणसाच्या बाबतीत हे पहिलेच यश.

१९५० पासून बेक यांनी या तंत्राचे अभ्यासवर्ग सुरू केले. पण छाती उघडायची तर शल्यविशारद हवा. वॉर्डातल्या रुग्णाला त्याचा काय उपयोग?

१९५६ मध्ये बोस्टनच्या पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून झटका देऊन दाखवला. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी नुसत्या तळहातांच्या दाबाने रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे सिद्ध केले. (यांतले कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते!)

साधने आली, पेच उरला तो अधिकाराचा. हृदय थांबले की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. त्या मिनिटांत खाटेजवळ असे ती परिचारिका. झटका द्यायचा डॉक्टरांनी. आणि डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर, रात्री तर घरीच. धावत येईपर्यंत सारे संपलेले असे.

१९६१ मध्ये डेस्मंड ज्युलियन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये सुचवले की अशा रुग्णांना एकत्र ठेवून त्यांच्या हृदयगतीवर अखंड नजर ठेवावी. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्ट्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी त्यापुढचे धाडस केले. परिचारिकांना ईसीजीचा आलेख वाचायला शिकवले आणि डॉक्टरांची वाट न पाहता झटका देण्याची मुभा दिली. त्या काळी अनेकांना हा मर्यादाभंगच वाटला असणार. १९६५ मध्ये त्यांचे परिचारिकांसाठीचे हस्तपुस्तक निघाले. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच, यंत्रापेक्षाही मोठे.

पुढे १९७४ मध्ये अमेरिकन मानके प्रसिद्ध झाली. त्यांत मूलभूत जीवनरक्षणापासून प्रगत जीवनरक्षण वेगळे काढले गेले : झटका, औषधे, श्वासनलिकेतील नळी, हृदयगतीची ओळख. आजचा ‘एसीएलएस’ अभ्यासक्रम याच वंशातला. त्याच्या परीक्षेत पुतळ्याभोवती संघ उभा राहतो आणि प्रत्येक उमेदवाराला संघप्रमुख व्हावे लागते. पाळी परिचारिकेची असेल, तर आज्ञा तिची. डॉक्टर छाती दाबत असतात.