१२३ की '१२३एबीसी'?

संकेतस्थळावर लेख लिहून मांडण्यासाठी २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेस ही आज्ञावली सुरू केली. ६ डिसेंबर २०१६ रोजी आलेल्या तिच्या ४.७ या आवृत्तीत एक उणीव राहून गेली. ती आम्हाला वर्गात सांगण्याजोगी वाटते.

प्रत्येक लेखाला क्रमांक असतो. कुणी १२३ क्रमांकाचा लेख बदलू लागला, की आधी त्याला तशी परवानगी आहे का ते तपासले जाते, मग बदल होतो. आता क्रमांक म्हणून '१२३एबीसी' असे पाठवले तर? तपासणाऱ्या भागाला असा लेखच सापडत नसे. लेखच नाही तर अडवायचे कशासाठी, म्हणून तो वाट मोकळी करी! बदल करणारा भाग मात्र त्याचीच संख्या करताना मागची अक्षरे गाळून टाकी. उरे १२३. पहारेकरी आणि कारकून एकच चिठ्ठी वाचत होते, पण निरनिराळ्या रीतीने.

सुकुरी या कंपनीच्या संशोधकाने जानेवारी २०१७ मध्ये ही उणीव कळवली. २६ तारखेला दुरुस्त आवृत्ती निघाली. तिच्यासोबतच्या निवेदनात इतर तीन दुरुस्त्या सांगितल्या होत्या, ही मात्र मुद्दाम वगळली होती. आमच्या मते ते योग्यच होते, कारण २०१३ पासून असलेल्या आपोआप दुरुस्तीच्या सोयीला त्यामुळे आठवडाभराची सवड मिळाली. १ फेब्रुवारीला गुपित उघड झाले, आणि जुनीच आवृत्ती चालवणाऱ्या स्थळांवरील लाखो पाने थोड्याच दिवसांत विद्रूप झाली.