दोन शब्दांचे लग्न

इ. स. १५१६ मध्ये इरॅस्मस या थोर विद्वान धर्मगुरूने आपल्या एका पत्रात एक मजेशीर गोष्ट नमूद केली आहे. एक अल्पशिक्षित धर्मगुरू मिस्सामधील कम्युनिअननंतरची लॅटिन प्रार्थना म्हणताना ‘सुम्प्सिमुस’, म्हणजे ‘आम्ही ग्रहण केले’, या शब्दाऐवजी ‘मुम्प्सिमुस’ असा अर्थहीन शब्द उच्चारीत असे. कोणीतरी चूक दाखवून दिली, तेव्हा आपण वीस वर्षे असेच म्हणत आलो आहोत, आता बदलणार नाही, असे त्याने बजावले. पुढच्याच वर्षी रिचर्ड पेस या इंग्रज लेखकाने हीच कथा आपल्या ग्रंथात सांगितली. तिथे वीस वर्षांची तीस झाली! तेव्हापासून ‘मम्प्सिमस’ हा शब्द इंग्रजीत रुळला. चूक कळूनही ती न सोडणारा मनुष्य, किंवा ती चूकच, असा त्याचा अर्थ.

आम्हां धर्मगुरूंच्या नावावर इंग्रजी भाषेत जमा झालेला हा शब्द आठवण्याचे कारण पुढे सांगतो. तत्पूर्वी दोन वाक्प्रचार पाहू. आपली मुले-नातवंडे आज इंग्रजी शाळांत शिकतात, घरातही इंग्रजी म्हणी सहज कानांवर पडतात. त्यांचा मूळ अर्थ ठाऊक असलेला बरा.

‘मनी इज द रूट ऑफ ऑल ईव्हिल’, पैसा हे सर्व पापांचे मूळ, हे वचन बायबलमधील आहे असे पुष्कळांना वाटते. संत पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सहाव्या अध्यायात, त्याचे मूळ आहे खरे. परंतु तिथे पैशाला नव्हे, तर पैशाच्या लोभाला दोष दिला आहे. मूळ ग्रीक शब्द ‘फिलार्गिरिया’, म्हणजे रुप्यावरील प्रेम. संत जेरोमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन बायबलात ‘कुपिदितास’, म्हणजे हाव, असा शब्द आहे. इंग्रजीत ‘लव्ह’ हा एक शब्द गळाला आणि सारा बोधच फिरला. हाव ज्याच्या तिजोरीत रुपये आहेत त्यालाच होते असे नाही. रिकाम्या खिशालाही ती होते. चुकीच्या म्हणीने गरिबाला आत्मपरीक्षणातून सूट देऊन टाकली!

दुसरा वाक्प्रचार ‘द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल’. नियमाला छेद देणारे उदाहरण समोर आले की लोक हे वाक्य फेकतात आणि आपला नियम शाबूत ठेवतात. वास्तविक विसंगत उदाहरणाने नियम कसा सिद्ध होईल? या विचाराचे मूळ रोमन न्यायालयात आहे. इ. स. पूर्व ५६ मध्ये बाल्बुस नावाच्या गृहस्थाच्या रोमन नागरिकत्वाचा खटला चालला असता सिसेरोने युक्तिवाद केला, की काही जमातींशी झालेल्या तहांत त्यांच्या माणसांना नागरिकत्व देऊ नये असे स्पष्ट कलम आहे; याचाच अर्थ, जिथे तसे कलम नाही तिथे ते देता येते. ‘रविवारी कार्यालय बंद’ अशी पाटी पाहून इतर दिवशी ते उघडे असते हे आपण ओळखतो. सांगून केलेला अपवाद न सांगितलेल्या नियमाची साक्ष देतो, एवढाच या म्हणीचा अर्थ. आपली चूक झाकण्यासाठी ती नाही.

आता माझ्या स्वतःच्या ‘मम्प्सिमस’कडे वळतो. अनेक वर्षे विवाहविधीच्या प्रवचनात मी नववधूला उद्देशून ‘हेल्पमीट’ हा इंग्रजी शब्द हौसेने वापरीत असे आणि त्याचा अर्थ ‘पतीच्या हाताखालची मदतनीस’ असा सांगत असे. एकदा मिस्सा आटोपल्यावर एक निवृत्त शिक्षिका सॅक्रिस्टीत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “फादर, त्यातल्या ‘मीट’चा अर्थ काय?” मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन कोश उघडले.

इ. स. १६११ च्या इंग्रजी बायबलात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, ‘हेल्प’ आणि ‘मीट’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. ‘हेल्प’ म्हणजे साहाय्य. आणि ‘मीट’ हे विशेषण, अर्थ अनुरूप, योग्य, मापात बसणारे. भेटणे या अर्थाच्या ‘मीट’शी त्याचा संबंध नाही. जुन्या पिढीतील वाचकांना तो इंग्रजी मिस्साच्या पुस्तकातून आठवत असेल: लॅटिन ‘दिग्नुम एत युस्तुम एस्त’चे भाषांतर तिथे ‘मीट अँड जस्ट’ असे असे. पुढे हे विशेषण बोलण्यातून लोपले आणि वाचकांना त्या दोन शब्दांचा एकच शब्द वाटू लागला. १६७३ मध्ये नाटककार ड्रायडनने त्यांच्यामध्ये जोडरेघ घातली. काही काळाने रेघही गेली. अठराव्या शतकात त्याच धाटणीवर ‘हेल्पमेट’ हा आणखी एक शब्द निघाला. असे हे दोन शब्दांचे लग्न गैरसमजातून लागले!

शब्द जुळले आणि ‘अनुरूप’ हा अर्थ मात्र पुसला गेला. उरली ती केवळ मदतनीस. मूळ हिब्रूत ‘एझेर केनेग्दो’ असे शब्द आहेत. ‘केनेग्दो’ म्हणजे त्याच्यासमोर उभे राहील असे, त्याच्या तोडीचे. आणि ‘एझेर’ हा शब्द जुन्या करारात बहुतेक ठिकाणी कोणासाठी येतो? प्रत्यक्ष परमेश्वरासाठी. मोशेने आपल्या मुलाचे नाव एलियेझर ठेवले, म्हणजे ‘माझा देव माझे साहाय्य’. ज्या शब्दाने देवाला हाक मारली, त्या शब्दात हाताखालच्या चाकराचा अर्थ कसा असेल? आपल्या मराठीतील ‘सहधर्मचारिणी’ हा शब्द त्या मूळ अर्थाच्या किती जवळचा आहे! सोबत धर्माने चालणारी. मागून चालणारी नव्हे.

मग ‘हेल्पमीट’ हा शब्द टाकून द्यावा काय? तसे नाही. तीनशेहून अधिक वर्षांच्या वापराने तो कोशात बसला आहे. पती किंवा पत्नी, दोघांसाठीही तो वापरता येतो. कोणी तो उच्चारला म्हणून त्याला हिणवू नये. १५४५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने पार्लमेंटमध्ये शेवटचे भाषण केले, तेव्हा जुन्या ‘मम्प्सिमस’ला चिकटून बसणारे आणि नव्या ‘सम्प्सिमस’चा सोस असणारे, अशा दोन्ही पक्षांना त्याने फटकारले होते. त्या राजाची विवाहांबाबतची कीर्ती सर्वश्रुत असली, तरी हे बोल लक्षात ठेवण्याजोगे आहेत. मुलांच्या इंग्रजीतील प्रत्येक चूक चारचौघांत दाखविणे हाही एक अहंकारच. मात्र ज्या चुकीमुळे कोणाचा तरी मान कमी होतो, ती चूक कितीही जुनी असली तरी सोडलीच पाहिजे.

त्या शिक्षिकाबाईंना मी पुढच्या रविवारी उत्तर दिले आणि क्षमाही मागितली. आता विवाहाच्या प्रवचनात तो उतारा आला की मी वर आणि वधू या दोघांकडे पाहून ‘अनुरूप’ हा शब्द आधी उच्चारतो, ‘साहाय्य’ नंतर. ज्या वधूंना मी पूर्वी तो चुकीचा अर्थ सांगितला, त्यांच्यापैकी काही जणी हा लेख वाचत असतील. त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती पोहोचावी, यासाठीच हा लेखनप्रपंच.