विजयदुर्गचे कट्टे आणि भिंगाची लांबी

विजयदुर्गचा किल्ला पाहावयास गेलेल्या माणसाला तेथे काही जुने कट्टे हमखास दाखविले जातात. त्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. या कट्ट्यांवर दुर्बिणी मांडून लॉकियर साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात हेलियम वायूचा शोध लावला, असे पुढे सांगण्यात येते. त्या तारखेला हेलियम दिवस साजरा करण्याची प्रथाही पडली आहे. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर जगाला एक मूलद्रव्य सापडले, हे ऐकून कोणाला अभिमान वाटणार नाही? पण वाचकहो, इतिहासाच्या शिक्षकाला येथे थोडा वाईटपणा घ्यावा लागतो.

१८६८ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला नव्हता, हिंदुस्थानातही नव्हता. तो लंडनच्या युद्धखात्यात नोकरी करणारा, फावल्या वेळात आकाश पाहणारा गृहस्थ होता. ते ग्रहण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून पाहिले. लॉकियरने सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासला तो ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडातून, आणि तोही ग्रहण नसताना. त्यातल्या एका पिवळ्या रेषेवरून त्याने नव्या मूलद्रव्याचे अनुमान केले. १८९५ साली रॅम्सेने तोच वायू पृथ्वीवरील खनिजातून मिळविला.

मग कट्टे खोटे का? मुळीच नाही. लॉकियर विजयदुर्गला आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्या दिवशी पौष अमावास्या होती. विजयदुर्ग तेव्हा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ मध्ये. 'मेल्पोमेनी' या युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या हाताखाली कवायत करीत होते. पण ही कवायत बंदुकांची नव्हती, कॅमेऱ्यांची होती. खग्रास अवस्था अवघी दोन मिनिटांची. तेवढ्यात कोणी काच बदलायची, कोणी झाकण काढायचे, कोणी सेकंद मोठ्याने मोजायचे, हे अगोदर घोटून घ्यावे लागे.

माझ्या मते त्या ग्रहणाची खरी गोष्ट हेलियमपेक्षाही मनोरंजक आहे. ती आहे भिंगांच्या निवडीची. ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गाहून ईशान्येकडे महाराष्ट्र ओलांडून गेला, आणि त्यावर ठिकठिकाणी तळ पडले. सूर्य एकच, दिवस एकच, पण प्रत्येकाने भिंग निराळे आणले होते.

आता भिंगाची 'फोकल लेंथ' म्हणजे काय, ते बघा. दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागे जितक्या अंतरावर स्पष्ट उमटते, ते अंतर. त्याला आपण नाभीय अंतर म्हणू. हे अंतर जितके मोठे, तितकी प्रतिमा मोठी. सूर्याचा हिशेब तर फार सोपा आहे: नाभीय अंतराला सुमारे १०७ ने भागा, की काचेवरील सूर्यबिंबाचा व्यास मिळतो.

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर आहे. तेथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल उतरला होता. त्याच्याजवळचा कॅमेरा ४० फूट लांबीचा! भिंग पाचच इंच रुंदीचे, पण ते उंच मनोऱ्यावर बसविलेले, आणि काच खाली, सूर्याच्या गतीबरोबर यंत्राने सरकणारी. हिशेब करा: ४० फूट म्हणजे ४८० इंच, म्हणून सूर्यबिंब साडेचार इंचांचे. सूर्याच्या कडेच्या ज्वाळा, प्रभामंडलाच्या आतल्या भागातील बारीक धागे, हे सारे त्यात मोठे होऊन उमटते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला हेही जेऊरलाच होते. इंग्रज आणि अमेरिकन पथकांच्या गर्दीत आपल्या प्रांताचा एक प्राध्यापक वर्णपट घेत होता, ही गोष्ट आपण विसरू नये.

दुसरे टोक वऱ्हाडात, तळणी येथे. तेथे ॲनी माउंडर ही बाई आपल्या पतीबरोबर आली होती. ग्रिनिचच्या वेधशाळेत तिने गणकाचे काम केले होते. १८९५ साली लग्न झाल्यावर ती नोकरी सुटली. तिचे भिंग दीड इंच रुंदीचे, नाभीय अंतर अवघे ९ इंच. म्हणजे सूर्यबिंब दोन मिलिमीटरच्या आसपास, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. कॅम्पबेलच्या मनोऱ्यापुढे हे खेळणेच वाटावे! पण प्रभामंडलाचा एक किरण सूर्यापासून फार दूरवर, बिंबाच्या कित्येक पट लांब गेलेला दिसला तो तिच्या काचेवर.

असे का झाले? मोठ्या कॅमेऱ्यात नाभीय अंतर भिंगाच्या रुंदीच्या ९६ पट होते, तिच्या कॅमेऱ्यात ६ पट. प्रतिमा मोठी केली की तोच प्रकाश अधिक जागेवर पसरतो. पसरट वस्तूचा उजेड तिच्या काचेवर २५६ पट दाट पडत होता. शिवाय आकाशाचा विस्तृत भाग एकाच काचेत मावत होता. अंधुक आणि लांबवर पसरलेले पाहावयाचे, तर आखूड भिंग हवे, हे तिने ओळखले.

आणि लॉकियर? त्याने भिंगापुढे प्रिझम बसविले. त्याला सूर्य मोठा नको होता, त्याच्या प्रकाशाची फोड हवी होती. म्हणजे भिंग निवडण्याआधी प्रत्येकाने आपला प्रश्न निवडला होता.

हल्ली आरसा नसलेले, म्हणजे मिररलेस कॅमेरे आले आहेत, आणि त्यांवर जुनी, हाताने फोकस करावयाची, एकाच नाभीय अंतराची भिंगे हौसेने लावतात. विद्यार्थी विचारतात, "सर, २८ घेऊ, ५० घेऊ, की १३५?" मी त्यांना जेऊर आणि तळणी सांगतो. मिरकरवाड्याच्या बंदरावर होड्यांची दाटी आणि वरचे आभाळ हवे, तर २८. जाळे विणणारा माणूस आणि त्याचे हात हवे, तर ५०. भगवती किल्ल्यावरून दूरची एकच होडी हवी, तर १३५. कॅमेऱ्याचा पडदा लहान असेल, तर तेच भिंग अधिक लांबचे असल्यासारखे वागते, एवढे ध्यानात ठेवावे. आणि भिंगावरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. पडद्यावर प्रतिमा मोठी करून फोकस लावावा. सूर्याकडे मात्र योग्य गाळणीवाचून भिंग रोखू नये. डोळा आणि कॅमेरा दोन्ही जातील.

राहता राहिला कट्ट्यांचा प्रश्न. ते जपलेच पाहिजेत. त्यांच्यापाशी पाटी लावावयाची, तर तिच्यावर १८९८ लिहावे. कोकणातल्या खाडीच्या मुखावर, दोन मिनिटांच्या काळोखासाठी माणसांनी किती नेमकी तयारी केली होती, हे काय थोडे आहे? खऱ्या गोष्टीला उसन्या मोठेपणाची गरज नसते.